दोनशे गुन्ह्यांना फाशी देणारा देश

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एक प्रश्न आला, ‘सर, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चोऱ्या आणि फाशा यांच्याशी आपला काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. संबंध सांगण्याआधी माझीच एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका लहान मुलीचा खून झाला. दुसऱ्या दिवशी एकाला पकडल्याची बातमी आली. जुम्म्याच्या नमाजनंतर मोर्चा निघाला. हिंदू, मुसलमान, सगळेच होते. मी पुढच्या रांगेत होतो आणि माझ्या हातात फलक होता, ‘भर चौकात फाशी द्या’. पाच महिन्यांनी त्या माणसाला सोडून दिले. त्याच्याविरुद्ध काहीच मिळाले नव्हते. पुढे दुसऱ्यालाच अटक झाली. तोवर पहिल्याची चहाची टपरी गेली होती आणि त्याच्या घरचे गाव सोडून गेले होते. माझ्या फलकाबद्दल मला कोणी जाब विचारला नाही. मीच मला विचारत राहिलो, की त्या दिवशी चौकात खरोखर दोर बांधलेला असता तर?

तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागलो. वाचता वाचता कळले की ‘शिक्षा कडक केली की गुन्हे थांबतात’ हा प्रयोग एका देशाने शंभर-सव्वाशे वर्षे मन लावून केला होता. तो देश म्हणजे इंग्लंड.

आधी कायदा काय होता ते पाहू. एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना मृत्युदंड होता. खून आणि राजद्रोह तर होतेच. पण मेंढी चोरली तर फाशी, घोडा चोरला तर फाशी. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशीच. खोटी सही, खोटी नोट यांनाही तीच शिक्षा. १७२३ च्या एका कायद्याने तर तोंडाला काळे फासून राखीव जंगलात शिरणे आणि दुसऱ्याच्या बागेतले झाड तोडणे हेही मृत्युदंडाचे गुन्हे ठरवले होते. तो कायदा १८२३ पर्यंत टिकला. त्या काळी शेतमजुराला आठवड्याला साधारण दहा-बारा शिलिंग मिळत. म्हणजे अर्ध्या आठवड्याच्या मजुरीएवढ्या कापडासाठी माणसाचा जीव.

हे कायदे केले कोणी? पार्लमेंटने. आणि पार्लमेंटमध्ये बसत होते जमीनदार आणि व्यापारी. गावाची सामाईक गायराने कुंपणे घालून खासगी झाली होती. पूर्वी जिथे गरीब माणूस सरपण गोळा करी, ससा पकडी, तिथे तो आता चोर ठरत होता. १८१५ मध्ये नेपोलियनशी युद्ध संपले, हजारो सैनिक बेकार होऊन परतले. त्याच वर्षी परदेशी धान्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि पाव महाग राहिला. पोट रिकामे आणि दुकान भरलेले, अशा वेळी चोऱ्या वाढणारच. त्यावर राज्यकर्त्यांकडे एकच औषध होते, दोर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आज आपण समजतो तसे पोलीस तेव्हा नव्हतेच. लंडनला संघटित पोलीस दल मिळाले १८२९ मध्ये. त्याआधी रात्रीचे पहारेकरी आणि काही थोडे शिपाई होते. चोराला शोधायचे, साक्षीदार गोळा करायचे, खटला चालवायचा, हे बहुतेक वेळा ज्याची चोरी झाली त्यानेच आणि स्वतःच्या पदरच्या पैशाने. त्यामुळे बहुतेक चोर सापडतच नसत. जो सापडेल त्याला लटकवायचे, म्हणजे बाकीचे घाबरतील, असा हिशेब होता. गुन्हेगार पकडण्याची व्यवस्था नव्हती म्हणून शिक्षा भयंकर केली होती.

आणि सापडलेल्याचा खटला कसा चाले? गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला आपल्या वकिलाकरवी ज्यूरीपुढे बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क मिळाला १८३६ मध्ये. त्याआधी वकील असला तरी तो साक्षीदारांना प्रश्न विचारू शके, पण ज्यूरीला उद्देशून भाषण करू शकत नसे. आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क तर १८९८ मध्ये मिळाला. लिहिता-वाचता न येणारा, तुरुंगात उपाशी राहिलेला माणूस पिंजऱ्यात उभा राही आणि काही मिनिटांत त्याचा निकाल लागे. अपिलाचे फौजदारी न्यायालय येण्यासाठी १९०७ साल उजाडावे लागले.

मग या सगळ्यांना फाशी होत असे का? नाही. १७७० ते १८३० या साठ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३५,००० लोकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. प्रत्यक्ष फासावर गेले सुमारे ७,०००. म्हणजे पाचांतला एक. उरलेल्या चौघांचे काय? बहुतेकांची शिक्षा कमी करून त्यांना तुरुंगात किंवा समुद्रापार पाठवले जाई. १७८७ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियाला सुमारे १,६०,००० कैदी नेले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने चौदा वर्षांखालच्या शंभरावर मुलांना चोरीसाठी मृत्युदंड सुनावला होता. त्यांतल्या एकालाही फाशी दिली गेली नाही.

कोणी म्हणेल, ‘बघा, दयाळू होते की!’ पण ही दया कोणाला मिळायची? ज्याच्यासाठी गावचा जमीनदार किंवा पाद्री चिठ्ठी लिहील त्याला. ज्याचा मालक म्हणेल की माणूस बरा आहे, त्याला. ज्याला ओळखणारे कोणी नाही, जो परगावचा, जो आयरिश, त्याच्यासाठी चिठ्ठी कोण लिहिणार? एका हातात फास आणि दुसऱ्या हातात माफी ठेवली की गरीब माणूस जन्मभर वाकून राहतो. कायद्यापुढे दोघे समान असते तर चिठ्ठीची गरजच पडली नसती.

आता मुख्य प्रश्न. एवढ्या भीतीने चोऱ्या थांबल्या का? नाही थांबल्या. याची साक्ष दयावंत लोकांनी दिली तशीच व्यापाऱ्यांनीही दिली.

ज्यूरीत बसणारे लोक साधे दुकानदार, कारागीर असत. चाळीस शिलिंगांच्या चोरीला फाशी आहे हे त्यांना ठाऊक असे. ते शपथेवर निकाल देत, ‘गुन्हा सिद्ध, मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग.’ माल कितीही महागाचा असो, किंमत एकोणचाळीसच. पुढे ही मर्यादा पाच पौंडांवर नेली, तर ज्यूरी चार पौंड एकोणीस शिलिंग किंमत धरू लागले. लोक याला ‘पुण्यवान खोटी शपथ’ म्हणत. ज्यांचा माल जाई तेही तक्रार करायला धजत नसत, कारण एका थानासाठी कोणाच्या मुलाला फासावर चढवल्याचे ओझे घेऊन कोण झोपणार? म्हणून कित्येक चोर निर्दोष सुटत. शिक्षा इतकी कडक होती की ती द्यायलाच कोणी तयार नव्हते.

१८११ मध्ये कापड धुऊन पांढरे करण्याच्या कारखान्यांच्या मालकांनी पार्लमेंटला अर्ज केला, की आमच्या मैदानांवर वाळत घातलेले कापड चोरणाऱ्याची फाशीची शिक्षा काढून टाका. काढली तरच खटले उभे राहतील आणि आमचे कापड वाचेल. १८३० मध्ये दोनशेहून अधिक शहरांतल्या सुमारे हजार बँकवाल्यांनी तसाच अर्ज केला, की खोट्या सह्या आणि दस्तऐवज करणाऱ्यांची फाशी रद्द करा. त्याआधीच्या काळात १७९७ ते १८२१ दरम्यान खोट्या नोटांच्या आणि दस्तऐवजांच्या गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली होती. त्यांत एका पौंडाची खोटी नोट खपवणाऱ्या गरीब बायकाही होत्या. व्यंगचित्रकार जॉर्ज क्रूकशँकने १८१९ मध्ये एक नोट काढली होती, तिच्यावर फासावर लटकलेल्या माणसांची रांग होती. तीनशे जीव गेले तरी खोट्या नोटा थांबल्या नव्हत्या.

या कायद्यांविरुद्ध पार्लमेंटमध्ये चिवटपणे लढला तो सॅम्युअल रोमिली. १८०८ मध्ये त्याने खिसेकापूची फाशी रद्द करून घेतली. लगेच विरोधक म्हणू लागले, ‘बघा, खिसे कापण्याचे खटले वाढले!’ रोमिलीचे उत्तर होते की गुन्हे वाढले नाहीत, तक्रार करणारे पुढे येऊ लागले. १८१० मध्ये त्याने दुकानातल्या पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी रद्द करण्याचे विधेयक मांडले. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरोने विरोध केला. ही भीती गेली तर कोणाची मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असा त्याचा सूर होता. लॉर्ड्सच्या सभागृहात विधेयक ३१ विरुद्ध ११ मतांनी पडले. विरोधात मत देणाऱ्यांत कँटरबरीचे आर्चबिशप धरून सात बिशप होते. करुणेचा धर्म शिकवणारी ही मंडळी पाच शिलिंगांसाठी फाशीच्या बाजूने उभी राहिली. हे ऐकून आपण हसायचे कारण नाही. धर्म आणि सत्ता एका बाकावर बसले की असे कुठेही होते, आपल्याकडेही. १८१८ मध्ये पत्नीच्या मृत्यूनंतर रोमिलीने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या बहुतेक विधेयकांचे यश त्याने पाहिले नाही.

त्याचे काम पुढे नेणारा माणूस मात्र आपल्या मुंबईहून गेलेला होता. त्याचे नाव जेम्स मॅकिंटॉश. १८०४ ते १८११ या काळात तो मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे इथल्या इंग्रजी न्यायालयाचा न्यायाधीश होता. मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत. तिथल्या एशियाटिक सोसायटीची सुरुवात याच माणसाने १८०४ मध्ये स्थापन केलेल्या लिटररी सोसायटीतून झाली. १८११ च्या जुलैत मुंबई सोडताना त्याने न्यायालयात निरोपाचे भाषण केले आणि त्यात आकडे मांडले. १७५६ ते १७६३ या सात वर्षांत मुंबईत १४१ जणांवर मृत्युदंडाचे गुन्हे सिद्ध झाले होते आणि ४७ जणांना फाशी दिली गेली होती. त्याच्या स्वतःच्या सात वर्षांत असे गुन्हे १०९ जणांवर सिद्ध झाले आणि फाशी एकालाही दिली गेली नाही. दरम्यान बेटाची वस्ती दुपटीहून अधिक झाली होती. दोन लाख माणसांचा कारभार सात वर्षे फाशीविना चालला आणि गुन्हे वाढले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

या दोन लाखांत कोण होते? कोळी, भंडारी, पारशी, ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, मेमन, बोहरी. म्हणजे आपल्यापैकी काहींचे पणजे-खापरपणजेही. लंडनचे लॉर्ड ‘भीती गेली तर अनर्थ होईल’ म्हणत होते त्याच काळात आपल्या बंदराने भीतीविना चालून दाखवले होते. मॅकिंटॉश परत जाऊन पार्लमेंटचा सदस्य झाला. १८१९ मध्ये सरकारचा विरोध असताना त्याने फौजदारी कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमून घेतली. तिथून वारे बदलले. १८२३ पासून गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी जुने कायदे आवरायला घेतले. १८३२ मध्ये मेंढी, गुरे, घोडा यांच्या चोरीची फाशी गेली. १८६१ पर्यंत मृत्युदंड उरला तो खून, राजद्रोह, हिंसक चाचेगिरी आणि शाही गोद्या पेटवणे एवढ्यांपुरता.

दुकाने लुटली गेली का? इंग्लंड बुडाले का? उलट शतकाच्या उत्तरार्धात नोंदलेल्या चोऱ्या आणि मारामाऱ्या कमी होत गेल्या. याचे एकच कारण नाही. गावोगाव पोलीस आले, पकडले जाण्याची शक्यता वाढली. मजुरी सुधारली. १८७० नंतर मुले शाळेत जाऊ लागली. पण एवढे नक्की, की फास आखडता घेतल्यामुळे आकाश कोसळले नाही.

भर चौकातल्या फाशीचेही सांगतो, कारण माझ्या फलकावर तेच होते. इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत फाशी उघड्यावर दिली जाई. १३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनमध्ये मॅनिंग नावाच्या नवरा-बायकोला खुनासाठी फाशी दिली. हजारोंची गर्दी होती. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथे हजर होता. गर्दीची शिवीगाळ, गाणी, टिंगल पाहून तो हादरला आणि त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून हा प्रकार बंद करा अशी मागणी केली. धडा घ्यायला कोणी आले नव्हते, तमाशा पाहायला आले होते. आजचे व्हिडिओ आठवा. जमावाने माणसाला मारतानाचे, घरावर बुलडोझर चालतानाचे. खाली हसणारे चेहरे टाकणारे लोक तीच गर्दी आहेत.

इंग्लंडची ही कहाणी मी गोड करून सांगणार नाही. फासाच्या जागी जो तुरुंग आला तोही क्रूरच होता. १८४२ मध्ये उघडलेल्या पेंटनव्हिलमध्ये कैद्याला एकट्याला कोठडीत ठेवत. बाहेर काढताना तोंडावर टोपी ओढत, म्हणजे कोणी कोणाला ओळखू नये. बोलायचे नाही. इतर तुरुंगांत माणसे पायऱ्यांच्या मोठ्या चाकावर तासन्‌तास चढत राहत. काही ठिकाणी त्या चाकाने धान्य दळले जाई, काही ठिकाणी त्यातून काहीच निघत नसे. अनेकांची मने ढासळली.

आणखी वाईट म्हणजे शतकाच्या मध्यावर ‘गुन्हेगार वर्ग’ ही कल्पना रुजली. म्हणजे गुन्हा माणूस करत नाही, एक विशिष्ट वर्गच गुन्हेगार असतो. १८६९ आणि १८७१ मध्ये इंग्लंडने सराईत गुन्हेगारांची नोंद आणि पोलिसांची पाळत यांचे कायदे केले. तिथे निदान आधी गुन्हे सिद्ध व्हावे लागत. त्याच १८७१ मध्ये त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला. इथे गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती, त्या जमातीत जन्म घेणे पुरेसे होते. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींच्या नशिबी पोलिसांकडची हजेरी आली, सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या कुंपणातल्या वसाहती आल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, म्हणून त्यांना आपण विमुक्त म्हणतो.

त्या यादीत छप्परबंदही होते. मुसलमान असलेली ही जमात खोटी नाणी पाडणारी म्हणून सरसकट गुन्हेगार ठरवली गेली. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? आपल्या जलशात, आपल्या लग्नात छप्परबंद कुटुंबाला आपण कसे वागवतो? भाड्याचे घर मागताना ‘नाव काय?’ विचारून दार लावले जाते तेव्हा आपल्याला लागते. तेच दार आपणही कोणासाठी तरी लावतो.

आता शेवटचे, आपल्यासाठी. आपल्यातले काही तरुण मला म्हणतात, ‘सर, शरियतच्या शिक्षा आणा, एका दिवसात चोऱ्या थांबतील.’ त्यांना मी दोन गोष्टींची आठवण देतो. हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची हद्द थांबवली, असे आपली परंपरा सांगते. भुकेल्याचा हात कापण्याआधी तो भुकेला का आहे हे त्यांनी पाहिले. आणि शंकेला जागा असेल तिथे हद्द टाळावी, हे आपल्या फकिहांनीच मान्य केलेले तत्त्व आहे. शिक्षेचा कडकपणा तेवढा उचलायचा आणि पुराव्याचा कडकपणा सोडून द्यायचा, हे धर्माच्या नावावर चालणार नाही.

आणि जे म्हणतात, ‘एन्काउंटर करा, घर पाडा,’ त्यांना मी इंग्लंडचा हिशेब दाखवतो. त्या फासावर लॉर्ड फार चढले नाहीत. मेंढी चोरणारा मजूर चढला, नोट खपवणारी बाई चढली, चिठ्ठी न मिळालेला परका चढला. शिक्षा जितकी भयंकर आणि पुराव्याची चाळणी जितकी मोठ्या भोकांची, तितकी ती दुबळ्याच्याच गळ्यात पडते. आपण या देशात कोणत्या बाजूला मोजले जातो, ते मी सांगायला नको.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर ‘फाशी द्या’चा संदेश आला की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. पकडलेला माणूसच गुन्हेगार आहे हे कशावरून? त्याला वकील मिळाला का? आणि त्याच्या जागी माझा भाऊ असता तर मी काय मागितले असते? पीडित मुलीच्या आई-बापाजवळ जरूर बसा, तपासासाठी पोलीस ठाण्यात खेपा घाला, खटला लवकर चालावा म्हणून अर्ज करा. हे काम फलक धरण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचा फोटो निघत नाही.

त्या टपरीवाल्याला मी नंतर शोधले. तो तालुक्याच्या गावी हमाली करत होता. मी मोर्चात होतो हे त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘सगळेच होते.’ मग त्याने मला चहा पाजला. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.